गाडी खाली झाली का?

लांबच्या लाईनवर गेलेल्या ट्रकचालकाला घरून फोन जातो, तेव्हा ‘जेवलात का’ याच्याही आधी एक प्रश्न येतो : ‘‘अहो, गाडी खाली झाली का?’’ प्रश्न धंद्याचा आहे. पण मुळशी तालुक्यात ज्या घरातला कर्ता माणूस स्टिअरिंगवर आहे, तिथे तो बायकोच्या, आईच्या, शाळकरी मुलांच्याही तोंडी बसतो. घरच्यांना पुढचा हिशेब पाठ असतो. माल उतरला आणि पोच हातात पडली, की परतीचं भाडं शोधायचं. भाडं मिळालं की गाडी भरायची. भरली की तोंड घराकडे. पहिली कडी अडली की पुढचं सगळं अडतं, मग बेंदूर तोंडावर आलेला असो, मुलीच्या शाळेतला कार्यक्रम असो, की भाताची लावणी असो.

रस्ता आणि घर यांचा मेळ कसा घालायचा, याचे सल्ले आजवर बहुतेक चालकालाच दिले गेले. खेपांची आखणी करा, घरी फोन करत जा, व्यसनापासून लांब राहा, वेळेवर झोपा. सल्ल्यांत चूक काही नाही. पण कायदा, भाड्याचा हिशेब, झोपेचं शास्त्र आणि देशोदेशींचे अनुभव शेजारी शेजारी ठेवून पाहिले, की दुसरीच गोष्ट दिसू लागते. चालकाच्या घराच्या वाट्याचा वेळ जितका गाडी चालवण्यात जातो, तितकाच गाडी उभी राहण्यात जातो. त्या उभं राहण्याचे पैसे कोणाच्याच खिशातून जात नाहीत, म्हणून ते कमी करण्याची घाईही कोणाला नसते. या प्रश्नाचा आढावा म्हणूनच रस्त्यापेक्षा कारखान्याच्या गेटपाशी जास्त रेंगाळावा लागतो.

मुळशीचा चालक कोण?

पुण्याचा चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं, की भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी गावं ओळीने येतात. पुढे तालुक्याचं ठिकाण पौड, मग मुळशी धरणाचं पाणी, ताम्हिणीचा घाट, आणि घाट उतरून माणगावला मुंबई-गोवा महामार्ग. पिरंगुट, उरवडे, कासारआंबोली, भरे या पट्ट्यात कारखाने आहेत. घोटावडे फाट्यावरून वळलं की रस्ता माण-हिंजवडीकडे जातो. तिथे गेल्या पंचवीसेक वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारतींची खडी, वाळू, सिमेंट, लोखंड, पाणी हे सगळं ट्रकनेच आलं आहे. तालुका भाताचा; पण इथल्या कितीतरी घरांची चूल आता डिझेलवर चालते.

या तालुक्यात चालक ढोबळमानाने तीन तऱ्हेचे दिसतात. पहिला गावातलाच. वडिलोपार्जित जमीन गेली किंवा विकली, आलेल्या पैशातून आणि उरलेल्या कर्जातून डंपर, हायवा किंवा पाण्याचा टँकर घेतला. २०१८ सालच्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने जमीन गेलेल्या तरुणांच्या गुन्हेगारीकडे वळण्याची गोष्ट सांगितली. पण हप्त्यावर गाडी घेऊन इमानाने राबणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी आहे आणि त्यांच्याबद्दल फार कमी बोललं गेलं. हा चालक रोज घरी येतो. तरी गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते, त्यामुळे त्याच्या खेपा रात्री आणि पहाटे होतात. मुलं शाळेला निघतात तेव्हा तो अंथरुणाला पाठ टेकतो, आणि मुलं गृहपाठाला बसतात तेव्हा तो गाडीची हवा तपासत असतो.

दुसरा लांबच्या लाईनचा. इथल्या कारखान्यातून किंवा चाकण-तळेगावातून माल भरून बंगळुरू, चेन्नई, दिल्ली, कोलकाता गाठणारा. याचं घर गावात आहे, पण महिन्यातले बहुतेक दिवस त्याचा पत्ता म्हणजे गाडीची केबिन.

तिसरा बाहेरून आलेला. मराठवाड्यातून, विदर्भातून किंवा उत्तर प्रदेश-बिहारमधून इथे येऊन भूगाव-पिरंगुटला चार-पाच जणांत खोली करून राहणारा. याच्यासाठी ‘घरी आलो’ याचे दोन अर्थ होतात. खेप संपवून खोलीवर आला, तर मालकाच्या लेखी तो घरी आला. बीडच्या किंवा बलियाच्या घरी जायचं, तर आणखी चार-सहा दिवस लागतात आणि त्या दिवसांचा पगार नसतो. घरच्या वेळेबद्दल कोणताही नियम करताना हा तिसरा माणूस डोळ्यांसमोर असला पाहिजे. एका रात्रीची सुट्टी त्याला घरापर्यंत पोचवत नाही.

कायद्याने काय दिलं होतं?

चालकाच्या तासांवर कायदाच नाही, असा समज सर्वत्र आहे. तो खरा नाही. १९६१ साली संसदेने मोटार परिवहन कामगार अधिनियम केला. त्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. लांबच्या मार्गांसाठी परवानगी घेऊन ती १० आणि ५४ तासांपर्यंत नेता येत होती. सलग ५ तास काम झालं की निदान अर्धा तास विश्रांती, दोन दिवसांच्या कामामध्ये सलग ९ तासांची मोकळीक, आठवड्याला एक सुट्टी, २४० दिवस काम केलं की दर २० दिवसांमागे एक पगारी रजा, जादा कामाला दुप्पट दर : सगळं कागदावर होतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही चालकाच्या तासांसाठी याच कायद्याकडे बोट दाखवलं.

मग बिघडलं कुठे? पहिली फट उंबरठ्याची. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच हा कायदा लागू होता, आणि आपल्याकडे ट्रकमालकांत मोठा भरणा एक-दोन-तीन गाड्यांच्या मालकांचा. चालक मालकाच्या नात्यातला, गावातला, कित्येकदा मालक स्वतःच. दुसरी फट जास्त खोल आहे. ‘कामाचे तास’ याच्या व्याख्येत टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा वेळ १५ मिनिटांपेक्षा कमी असेल, तर तो कामात धरला होता. त्याहून लांब थांबण्याचं काय, याचं स्पष्ट उत्तर चालकाच्या हाती पडलं नाही. कारखान्याच्या गेटबाहेर दीड दिवस उभ्या असलेल्या माणसाला मग कोणीही म्हणू शकतं, की तू आरामच तर करत होतास.

२०२० मध्ये व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता मंजूर झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली आणि १९६१ चा कायदा तिच्यात विरून गेला. नियुक्तिपत्र, आरोग्य तपासणी अशा चांगल्या गोष्टी तिच्यात आहेत. पण मोटार परिवहनासाठी उंबरठा पाचावरून दहा कामगारांवर गेला. म्हणजे मुळशीतल्या ज्या छोट्या मालकांकडे कायदा आधीच पोचत नव्हता, त्यांच्यापासून तो आणखी दूर सरकला.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभरातल्या चालकांनी गाड्या उभ्या केल्या होत्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघात करून पळून गेल्यास १० वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती, तिच्याविरोधातला तो संताप होता. सरकारने चर्चेचं आश्वासन दिलं, आणि १ जुलै २०२४ ला संहिता अमलात आली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवलं गेलं. त्या दिवसांत पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगा सगळ्यांना आठवतात. मात्र अपघातानंतरच्या शिक्षेवर जेवढी चर्चा झाली, तेवढी अपघाताआधी चालक किती तास जागा होता यावर झाली नाही. ती व्हायला हवी होती.

आठ दिवसांच्या खेपेतले चार दिवस

आता एका खेपेचा हिशेब मांडू. पिरंगुटहून बंगळुरू साधारण साडेआठशे किलोमीटर. कायद्याच्या १० तासांत, ताशी सरासरी ३५ ते ४० किलोमीटर धरले, तर दिवसाला साडेतीनशे-चारशे किलोमीटर होतात. म्हणजे जायला सव्वादोन दिवस, यायला सव्वादोन दिवस. पण घरी जाऊन आल्याचा आकडा कधी सात दिवसांचा, कधी आठ-नऊ दिवसांचा होतो. वरचे तीन-चार दिवस कुठे गेले?

ते वाटून घेतलेले असतात. गाडी कारखान्यात लागली, पण नंबर आला नाही. माल तयार आहे, पण कागद तयार नाहीत. तिकडे पोचलो तो शनिवार दुपार, गोदाम आता सोमवारी उघडणार. माल उतरवायला हमाल आले, पण वाराई, म्हणजे त्यांची हमाली, कोणी द्यायची यावर अडलं. गाडी खाली झाली, पण पोचपावतीवर सही करणारे साहेब जेवायला गेले. मग परतीच्या भाड्याची वाट. रिकामी गाडी आणावी तर डिझेल अंगावर पडतं, म्हणून ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यावर एक रात्र, कधी दोन. यातला एकही तास चालकाच्या हातात नाही. गाडीपासून दूर जाता येत नाही, कारण ताडपत्री, डिझेल, बॅटरी सगळ्यावर लक्ष ठेवायचं असतं. नीट झोपता येत नाही, कारण नंबर कधी लागेल सांगता येत नाही.

हा थांबा फुकट पडतो तो पगाराच्या रीतीमुळे. चालकाची कमाई बहुतेक ठिकाणी खेपेवर किंवा किलोमीटरवर असते. वर वाटखर्ची आणि भत्ता. चाक फिरलं तर पैसा. ‘हॉल्टिंग’ नावाचा आकार धंद्यात आहे. ठरावीक वेळेपेक्षा गाडी अडकवली तर माल मागवणाऱ्याने तो द्यायचा. पण छोट्या मालकाला तो मागायची हिंमत होत नाही, पुढचं भाडं त्याच पार्टीकडून यायचं असतं. मालकालाच मिळाला नाही, तर चालकापर्यंत तो कुठून येणार? थांबलेल्या वेळेची भरपाई मग एकाच ठिकाणी करता येते : रस्त्यावर, रात्रीच्या झोपेतून.

गेल्या दशकात वाहतुकीचा वेग वाढवणारे मोठे बदल झाले. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या सीमेवरचे करनाके उठले. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. ई-वे बिलाची मुदत आधी दर १०० किलोमीटरला एक दिवस होती. १ जानेवारी २०२१ पासून ती दर २०० किलोमीटरला एक दिवस झाली. म्हणजे गाडी पूर्वीच्या दुप्पट चालेल, असं सरकारी कागदानेही गृहीत धरलं. नाक्यांवर वाचलेला तो वेळ चालकाच्या घरी मात्र पोचला नाही. गाडीचा हप्ता, वाढतं डिझेल आणि भाड्यातली स्पर्धा यांनी तो उचलला आणि त्याच महिन्यात आणखी एक खेप बसवली.

झोपेचं कर्ज

सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये देशातल्या दहा शहरांत ट्रकचालकांची पाहणी प्रसिद्ध केली. चालक दिवसाला सरासरी सुमारे १२ तास गाडी चालवतात आणि चारशेहून अधिक किलोमीटर कापतात, असं तीत दिसलं. थकवा किंवा झोप आली असतानाही गाडी चालवतो, हे जवळपास निम्म्या चालकांनी कबूल केलं. आपल्या माणसाने या धंद्यात यावं असं आपण सुचवणार नाही, असं ८४ टक्क्यांनी सांगितलं. या शेवटच्या आकड्यापाशी मला थांबावंसं वाटतं. शेतकऱ्याला मुलगा शेतीत नको असतो, तशी ही गोष्ट आहे. कामाबद्दलचा राग तीत नाही, कामाने घराचं काय केलं हे त्या माणसाने जवळून पाहिलेलं आहे.

न झोपणं किती महाग पडतं, हे शास्त्राने मोजलेलं आहे. १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकेच मंदावतात, असं त्यात आढळलं. आपल्या कायद्यात वाहन चालवताना ०.०३ टक्क्यांच्या वर मद्य असणं गुन्हा आहे. म्हणजे पहाटे चारला गेटवर नंबरासाठी उठलेला चालक रात्री नऊनंतर घाट उतरत असेल, तर थेंबभरही न पिता तो त्या रेषेपलीकडे गेलेला असतो. नाकाबंदीवरचं यंत्र त्याचा श्वास तपासेल आणि सोडून देईल. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, हा केंद्रीय परिवहन मंत्रालयाचा आकडा आहे. त्यातले किती जण कोणाच्या तरी झोपेने गेले, याचा रकाना पंचनाम्यात क्वचितच भरला जातो.

केबिन सुधारण्याचे प्रयत्न सुरू आहेत आणि ते स्वागतार्ह आहेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालवाहू गाड्यांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं. तेल कंपन्यांनी महामार्गांवरच्या पंपांशेजारी ‘अपना घर’ नावाची विश्रांतिगृहं बांधली आहेत; खाट, आंघोळ, स्वयंपाकाची सोय तिथे मिळते. वाटेत पाठ टेकायला अशी जागा हवीच. फक्त तिला घराच्या वेळेची भरपाई समजून चालणार नाही.

घराच्या बाजूने पाहिलं तर

चालक घरी येतो तेव्हा नेमकं काय होतं? दोन दिवसांची सुट्टी धरू. पहिला दिवस झोपेत जातो. घर दबक्या पावलांनी वावरतं, टीव्हीचा आवाज बारीक होतो, मुलांना अंगणात पिटाळलं जातं. दुसऱ्या दिवशी बँक, सोसायटी, दवाखाना, गाडीचं पासिंग, कोणाच्या तरी मयताला राहिलेली भेट. संध्याकाळी जरा टेकावं तर फोन वाजतो : माल तयार आहे, उद्या पहाटे गाडी लाव.

घर मागे चालवतात त्या बायका. मुलांची शाळा, सासू-सासऱ्यांची औषधं, दुभती म्हैस, गॅस, हप्त्याची तारीख या सगळ्याचा भार त्यांच्यावर असतो. मुळशीत जून-जुलैला भाताची लावणी येते. पाऊस सुरू झाला की चार-आठ दिवसांत उरकायची ही कामं, आणि गावात ती इर्जिकीवर होतात : आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. ज्या घरचा माणूस लाईनवर आहे, त्या घराला इर्जिकीची परतफेड दुप्पट राबून किंवा मजुरी मोजून करावी लागते. चालकाच्या थांब्याचा एक हिस्सा असा त्याची बायको गुडघाभर चिखलात उभी राहून फेडते. हा हिशेब मालासोबतच्या कोणत्याही बिल्टीवर येत नाही.

मोबाइलने एक गोष्ट नक्की सोपी केली. पूर्वी एसटीडी बूथवरून आठवड्याला एखादा फोन व्हायचा. आता लेकराचा चेहरा रोज दिसतो. तरीही घरच्यांशी बोललं की त्यांचं मागणं निराळंच असतं. जास्त दिवस या, असं फार कमी जणी म्हणतात. कधी येणार ते नक्की सांगा, एवढंच मागणं. तारीख ठरलेली असली की घर तिच्याभोवती लावणी, दवाखाना, शाळेतली भेट सगळं बसवून घेतं. माणूस अवचित आला आणि अवचित गेला, तर त्या दोन दिवसांचा घराला धड उपयोगही होत नाही.

इतरांनी काय केलं?

युरोपीय संघाने या प्रश्नाला सगळ्यांत थेट हात घातला. तिथे दिवसाला ९ तास चालन, आठवड्यातून दोनदा १० तास. साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती. दोन आठवड्यांत मिळून ९० तासांची मर्यादा. २०२० मध्ये त्यात दोन गोष्टी वाढल्या. आठवड्याची पूर्ण, म्हणजे ४५ तासांची विश्रांती केबिनमध्ये घेता येणार नाही. आणि चालक दर चार आठवड्यांतून निदान एकदा आपल्या घरी किंवा मालकाच्या मुख्य ठिकाणी परतू शकेल, अशी कामाची आखणी मालकानेच करायची. घरी परतणं ही तिथे आखणी करणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी ठरली. अमेरिकेत चालनाची मर्यादा ११ तासांची आहे. डिसेंबर २०१७ पासून तिथल्या बहुतेक गाड्यांत तासांची नोंद यंत्राने होते, वहीत खोटे आकडे लिहिण्याची सोय संपली. आपल्या रेल्वेतही लोको पायलटला मुख्यालयापासून सलग किती तास दूर ठेवायचं याची मर्यादा ठरलेली आहे, आणि ती कमी व्हावी म्हणून त्यांच्या संघटना झगडत आल्या आहेत. रुळावर मालगाडी नेणाऱ्याला परतीचा जो नियम आहे, तो त्याच मालाची शेवटची मजल रस्त्याने करणाऱ्याला नाही.

आपल्याच देशात रिलेचा प्रयोगही झाला. गुरुग्रामच्या रिविगो कंपनीने २०१४ पासून अशी रचना उभी केली, की चालकाने चार-पाच तास गाडी न्यायची, पुढच्या अड्ड्यावर ती दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि उलट येणारी गाडी घेऊन त्याच दिवशी घरी परतायचं. गाडी थांबत नाही आणि माणूस घरी झोपतो. २०२२ मध्ये तिचा एक्स्प्रेस व्यवसाय महिंद्रा लॉजिस्टिक्सने विकत घेतला. रिलेला दोन्ही दिशांना सारखा माल, ठरावीक अंतरावर अड्डे आणि मोठं भांडवल लागतं. तीन गाड्यांच्या मालकाच्या आवाक्यातली ही गोष्ट नाही. पण एक शंका तिने कायमची मिटवली. लांबच्या मालाला चालकाचं घर तुटावंच लागतं असं नाही.

आणि याहून जुना रिले तर मुळशीचाच आहे. मुंबईचे डबेवाले मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले या तालुक्यांतले. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेलं हे काम म्हणजे हातोहात चालणारी वाहतूक : घरून डबा उचलणारा वेगळा, गाडीत चढवणारा वेगळा, कचेरीत पोचवणारा वेगळा. त्यांनी सुट्टीचा प्रश्नही आपल्या रीतीने सोडवला. दर वर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास गावच्या जत्रांसाठी ते सगळे मिळून काही दिवस सुट्टी घेतात. तारखा आधी जाहीर करतात आणि या दिवसांचे पैसे कापू नका, अशी विनंती ग्राहकांना करतात. मुंबईने ही रीत मान्य केली आहे. एकट्याने सुट्टी घेतली असती, तर त्याचं गिऱ्हाईक दुसऱ्याने नेलं असतं. सगळ्यांनी, सांगून, ठरल्या दिवशी घेतली, म्हणून ती टिकली. मुळशीच्या चालकाला धडा घ्यायला लांब जायला नको. त्याच्या आज्याने तो गिरवलेला असू शकतो.

ज्याचा माल, त्याचा थांबा

महाराष्ट्राकडे आणखी एक मोठी शिदोरी आहे. हमालालाही पूर्वी एक मालक नव्हता; आज या गाळ्यावर, उद्या त्या. त्याचा भविष्यनिर्वाह निधी, त्याची रजा, त्याचा दवाखाना कोणाच्या माथी मारायचा? मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात हमाल पंचायतीच्या रूपाने बाबा आढाव यांच्यासारख्यांनी हा प्रश्न लावून धरला. १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. मालाच्या कामावर लेव्ही बसली, ती माथाडी मंडळाकडे जमा झाली, आणि मालक अनेक असूनही कामगाराला निधी आणि पगारी रजा मिळण्याची वाट झाली. त्याच गेटवर, त्याच मालाखाली उभ्या असलेल्या चालकाला मात्र असं मंडळ मिळालं नाही.

वाराईच्या वादात वाहतूकदारांची एक घोषणा आहे : ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’. म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचा खर्च माल ज्याचा आहे त्याने करावा, चालकाच्या खिशातून तो काढू नये. न्याय्य मागणी आहे. ती एक पाऊल पुढे न्यायला हवी : ज्याचा माल, त्याचा थांबा. गाडी गेटवर आल्याची वेळ आणि खाली झाल्याची वेळ बिल्टीवर लिहिली जावी. ठरलेल्या तासांनंतरचा प्रत्येक तास माल पाठवणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या नावे पडावा. आणि त्यातला ठरलेला वाटा थेट चालकाला मिळावा. थांब्याला किंमत आली की तो आपोआप आटू लागेल. गोदामाला शनिवारी दुपारीही माणूस सापडेल, सहीसाठी साहेब जागेवर असतील. वर मांडलेल्या बंगळुरूच्या खेपेत एक दिवस जरी वाचला, तरी महिन्याच्या तीन खेपांत तीन दिवस होतात. एक किलोमीटरही कमी न चालवता.

यावर आक्षेप येतील आणि ते खरे आहेत. भाडं महागेल. छोट्या मालकाला हप्ता आहे. आणि चालकच म्हणतो, सुट्टी नको, खेप द्या. खेपेवर पोट असेल तर तो दुसरं काय म्हणणार? म्हणूनच सुधारणा खेपा कापून करायची नाही, थांबे कापून करायची आहे. एकट्या मालकाने नियम पाळला तर भाडं शेजाऱ्याकडे जाईल, हेही खरं. त्यासाठीच नियम सगळ्यांना एक हवा, पाच-दहा कामगारांचा उंबरठा नसलेला. मालाच्या मागे जाणारा नियम असा उंबरठा न ठेवता करता येतो. माथाडी कायद्याने ते दाखवलं आहे.

काही गोष्टींना सरकारची वाटही पाहायला नको. पिरंगुट-उरवडे पट्ट्यातल्या कारखान्यांनी गाडी लावण्याची वेळ आदल्या दिवशी फोनवर दिली, तर रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या रांगा कमी होतील आणि तो वेळ चालकाला घरी काढता येईल. एकेका गावातल्या दोन-तीन गाड्यांच्या मालकांनी मिळून एक-दोन बदली चालक ठेवले, तर पाळीपाळीने प्रत्येकाला ठरलेले दिवस सुट्टी देता येईल आणि कोणाची गाडी उभी राहणार नाही. मुळशीच्या शेताला ही रीत नवी नाही. ती चालकांची इर्जिक होईल. बाहेरगावच्या चालकाला सुट्ट्या साठवून वर्षातून दोन-तीनदा लांबची पगारी रजा द्यावी, कारण त्याचं घर एका रात्रीत येत नाही. आणि महिन्याच्या सुरुवातीलाच प्रत्येक चालकाची घरी येण्याची तारीख कागदावर लिहावी, ट्रान्सपोर्टच्या भिंतीवरही आणि त्याच्या घरच्या कॅलेंडरवरही. मालाच्या पोचेला आपण तारीख देतो. माणसाच्या पोचेला द्यायला काहीच अडत नाही.

चांगला चालक मिळत नाही, ही तक्रार आज प्रत्येक ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यावर ऐकू येते. जी माणसं आपल्या मुलांना या धंद्यापासून लांब ठेवत आहेत, त्यांनी तिचं उत्तर कधीच दिलेलं आहे. त्यांना मोठ्या घोषणा नको आहेत. गेटवर गेलेल्या तासाचे पैसे आणि घरी येण्याची पक्की तारीख, एवढ्या दोन गोष्टी मिळाल्या तरी त्या घरांतलं बोलणं बदलेल. गाडी खाली झाली का, हे विचारण्याचं काम तेव्हा ट्रान्सपोर्टवाला करील, कारण थांब्याचा मीटर त्याच्या पार्टीवर चालू असेल. बायकोने फोन लावला, की तिचा पहिला प्रश्न असेल, ‘‘जेवलात का?’’